सोलापूरच्या घरात पिझ्झा: पीठ, थंड पाणी आणि भाकरीचा तवा

मी पहिला पिझ्झा केला तो मे महिन्यात, भर दुपारी, आणि व्हिडिओत सांगितलं होतं अगदी तसा. कोमट पाणी, एक चमचा यीस्ट, झाकून दोन तास ठेवा. दोन तासांनी येऊन बघतो तर पिठानं डब्याचं झाकण उचललेलं, एक ओघळ ओट्यावर उतरलेला आणि वास थेट ताडीचा. तरी हट्टानं लाटला, भाजला. वरून पांढराफटक, आतून चिवट, कडेला दगड. आईनं एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाली, "कडक भाकरीच करायची होती तर मला सांगायचं की. घरात ज्वारी काय कमी आहे?"

व्हिडिओ खोटा नव्हता. तो करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात २०-२२ अंश असणार. जुळे सोलापुरातल्या आमच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात दुपारी ३८-३९ असतात, बाहेर ४२-४३. यीस्ट हा जिवंत जीव. साधारण दहा अंश वाढले की त्याचं काम दुपटीनं होतं. म्हणजे तिकडचे दोन तास इकडे अर्ध्या तासात संपतात, आणि उरलेला दीड तास पीठ नुसतं आंबत राहतं. पिठातली साखर यीस्ट खाऊन टाकतो, म्हणून भाजताना रंग येत नाही. माझा पिझ्झा पांढरा राहिला त्याचं कारण हे.

त्यामुळे या लेखात सगळ्यात जास्त जागा पिठाला दिली आहे. सॉस आणि टॉपिंग नंतर. बहुतेक नवखी मंडळी उलटं करतात: बेकरीतून तयार बेस आणतात आणि वरच्या भाज्यांवर डोकं चालवतात. त्या बेसवर काहीही घातलं तरी तो पावावरची भाजीच लागतो.

सामान

तीन पिझ्झे, प्रत्येकी ८ इंची, म्हणजे भाकरीच्या तव्यावर आरामात बसतील असे:

मैदा ३०० ग्रॅम
पाणी १८५ मिली
मीठ ६ ग्रॅम (सपाट एक छोटा चमचा)
साखर अर्धा छोटा चमचा
तेल एक मोठा चमचा
इन्स्टंट यीस्ट: उन्हाळ्यात पाव छोटा चमचा, थंडीत पाऊण

वाटीनं मोजू नका. आमच्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत, आणि दाबून भरलेला मैदा न् सैल भरलेला मैदा यात सहज २०-३० ग्रॅमचा फरक पडतो. साधा डिजिटल काटा घ्या. या सगळ्या प्रकरणात विकत घ्यावी अशी एवढी एकच वस्तू आहे.

यीस्ट केकचं सामान मिळतं त्या दुकानात मागा. दोन प्रकार मिळतात. बारीक दाण्याचं इन्स्टंट थेट मैद्यात मिसळतं. जाड दाण्याचं 'अ‍ॅक्टिव्ह ड्राय' आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात, चिमूटभर साखर घालून दहा मिनिटं भिजवावं लागतं. फेस आला तर जिवंत, नाही आला तर फेकून द्या, त्याच्यावर मैदा वाया घालवू नका. पाणी कोमट म्हणजे बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच. ५५-६० अंशांच्या पुढं यीस्ट मरतो. फोडलेलं पाकीट घट्ट डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. आपल्या हवेत कपाटात ठेवलं तर महिन्याभरात त्याचा दम जातो.

इटलीतल्या नेपल्स शहरातल्या मूळ पिझ्झ्याच्या पिठात तेल आणि साखर नसते. पीठ, पाणी, मीठ, यीस्ट, बास. पण तिथली लाकडाची भट्टी ४३० ते ४८५ अंशांवर असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. हे आकडे १९८४ साली तिथं स्थापन झालेल्या पिझ्झा संघटनेच्या नियमांतच लिहिलेले आहेत. आपला ओव्हन २५० ला दमतो. तेवढ्या उष्णतेत पीठ जास्त वेळ बसतं, वाळतं. तेलानं ते मऊ राहतं आणि साखरेनं रंग धरतं. म्हणून आपण या दोन्ही गोष्टी घालायच्या, आणि त्यात कमीपणा काही नाही.

पाणी किती थंड?

यासाठी बेकरीवाल्यांचा एक जुना हिशोब आहे, तो पाठ करा. मळून झाल्यावर पीठ साधारण २६ अंशांवर असावं. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान वजा करा, मग मैद्याचं वजा करा (मैदा त्याच खोलीत असतो, म्हणजे तोच आकडा). उरलं ते पाण्याचं तापमान.

मे महिन्यात: ७८ वजा ३८ वजा ३८, उरले २. म्हणजे बर्फाचं पाणी. माठाचंही चालणार नाही.
गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, खोलीत २२ असतील तर: ७८ वजा ४४, उरले ३४. म्हणजे कोमट.

एकाच घरात, एकाच परातीत, चार महिन्यांत बर्फापासून कोमट पाण्यापर्यंत! कुठल्याही पाककृतीत पाणी 'कोमट'च हवं असं लिहिलेलं दिसलं की आधी कॅलेंडर बघा. बर्फाचं पाणी करताना बर्फ वेगळ्या भांड्यात वितळवा आणि मग १८५ मोजून घ्या. मी एकदा खडे थेट पिठात टाकले होते, खीर झाली. पाणी प्यायचंच वापरा. बोअरचं जड पाणी असेल तर पीठ ताठ होतं. आणि नळाला पाणी यायच्या दिवशी हा घाट घालू नका. हात पिठात असतानाच खालून "पाणी आलं" अशी हाक येते, हा माझा अनुभव आहे.

मळणं

परातीत मैदा, यीस्ट आणि साखर कोरडीच हातानं मिसळा. पाणी घाला, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत कालवा आणि झाकून २० मिनिटं सोडून द्या. या वेळात मैदा पाणी पितो आणि अर्धं मळण्याचं काम आपोआप होतं. मग मीठ आणि तेल घालून सात-आठ मिनिटं तळहाताच्या टाचेनं रेटून मळा.

सुरुवातीला ते हाताला चिकटेल. इथं पोळ्यांची सवय आडवी येते: हात आपोआप कोरड्या पिठाच्या डब्याकडं जातो. तो आवरा. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ सैल असायलाच हवं. तळहाताला तेलाचा थेंब लावा आणि मळत राहा. पाचव्या मिनिटाला ते स्वतःहून हात सोडतं. झालं का ते बघायला लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचा उजेड दिसला तर झालं. आधीच फाटला तर आणखी दोन मिनिटं.

मैदा नको, कणीक चालेल का, असं प्रत्येक जण विचारतो. निम्मी-निम्मी चालेल, पाणी दोन चमचे वाढवा. पूर्ण कणकेचा बेस तितका फुगत नाही, कारण कोंड्याचे बारीक तुकडे पिठाची ताण धरणारी जाळी कापत जातात. ज्वारीत तर ती जाळी मुळातच नसते. म्हणून भाकरी थापावी लागते, ताणता येत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी कितीही गोड असली तरी तिचा पिझ्झा होत नाही. तिचा उपयोग दुसरीकडं आहे, तो पुढं येईल.

उन्हाळ्यात फ्रिज, थंडीत ओटा

थंडीत सोपं आहे. तेल लावलेल्या डब्यात झाकून ओट्यावर ठेवा, दीड-दोन तासांत दुप्पट होईल.

उन्हाळ्यात रात्री आठच्या सुमारास मळा, २० मिनिटं बाहेर ठेवा आणि सरळ फ्रिजमध्ये घाला. डबा पिठाच्या तिप्पट मोठा हवा आणि झाकण सैल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे २४ तासांनी, पीठ तयार असतं. थंडाव्यात यीस्ट हळू चालतो, पिठाला चव यायला वेळ मिळतो. दोन तासांच्या पिठाला ही चव कधीच येत नाही. ४८ तासांपर्यंत बिनधास्त ठेवा. त्यापुढं आंबटपणा वाढतो. मध्ये दोन-तीन तास लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, काही बिघडत नाही. मी आता थंडीतही फ्रिजचीच पद्धत वापरतो. पाहुणे आले की आदल्या दिवशीचं पीठ तयार असतं, याच्यासारखी निवांत गोष्ट नाही.

बाहेर काढल्यावर तीन भाग करा, प्रत्येक सुमारे १६५ ग्रॅमचा. कडा खाली दुमडून गुळगुळीत उंडे वळा, झाकून ठेवा. उन्हाळ्यात ४० मिनिटं, थंडीत दीड तास. घड्याळापेक्षा बोट खरं. उंड्यात बोट हलकं रुतवा: खड्डा झटकन भरला तर अजून थांबा, सावकाश अर्धाच भरला तर तयार, भरलाच नाही तर उशीर झाला. तसं झालं तर पुन्हा वळून १५ मिनिटं द्या, थोडं सावरतं.

तोवर सॉस

इटलीत डब्यातल्या गोड, मांसल टोमॅटोचा लगदा न शिजवताच लावतात. आपल्या मंडईतला टोमॅटो आंबट आणि पाणचट, त्याला हे जमत नाही. अर्धा किलो घ्या. लांबट, कडक, पूर्ण लाल असलेले. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून साल काढा, चिरा. दोन चमचे तेलात चार लसूण पाकळ्या ठेचून, लाल होऊ न देता परता, टोमॅटो, मीठ आणि चिमूटभर साखर घाला. मंद आचेवर १५-२० मिनिटं, डाव फिरवल्यावर भांड्याचा तळ क्षणभर कोरडा दिसेल इतकं आटवा. पातळ सॉस म्हणजे ओला बेस. शेवटी ओरेगानो.

बेसिलऐवजी तुळस घालू नका; चव कडवट, औषधी होते. पण सब्जा असतो ना, सरबतात घालतो तो, त्याचं झाड म्हणजे बेसिलच्याच जातीचं. मूठभर सब्जा कुंडीत भुरभुरवा, आठवड्याभरात कोंब दिसतात. वास इटालियन बेसिलपेक्षा जरा उग्र, बडीशेपेच्या अंगानं जाणारा. मला तो आवडतो.

चीज आणि वरची मंडळी

मोझरेलाची वडी घेऊन घरी किसा. थंड असतानाच किसली तर चिकटत नाही. नुसतं प्रोसेस्ड चीज वितळतं, पण तार धरत नाही. पाकिटाची मागची बाजू वाचा: 'अ‍ॅनालॉग' असं किंवा वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते दुधाचं चीज नाही, भाजल्यावर तेल सोडतं. एका पिझ्झ्याला ६०-७० ग्रॅम पुरे. नेपल्सच्या भागात उत्तम मोझरेला म्हशीच्या दुधाचं करतात. पंढरपुरी म्हशीच्या जिल्ह्यात राहून आपण ते पाकिटातून आणतो, ही जरा लाजेचीच गोष्ट आहे.

कांदा, ढोबळी मिरची आणि मशरूम पाणी सोडतात. पातळ चिरून मोठ्या आचेवर कोरड्या तव्यावर दोन मिनिटं परता आणि गार करा. टोमॅटोच्या चकत्या नकोतच, सॉस आहे की. तीन प्रकारांपेक्षा जास्त काही घालू नका. ओझं झालं की मधला भाग कच्चा राहतो.

शेंगाचटणी मात्र हवीच. ती भाजायच्या आधी घालायची नाही. दाणे आधीच भाजलेले असतात, पुन्हा तापले की करपून कडू होतात. पिझ्झा उतरवल्यावर, चीज बुडबुडत असताना वरून भुरभुरवा. कांदा, मोझरेला आणि शेंगाचटणी. माझ्या घरात आता दुसरं काही कोणी मागत नाही.

थापणं आणि भाजणं

लाटणं बाजूला ठेवा. पीठ फुगायला एक दिवस दिलात, तो लाटण्यानं दोन मिनिटांत दाबून जातो. ओट्यावर ज्वारीचं पीठ भुरभुरवा (हाच तिचा तो उपयोग: ती पाणी पटकन ओढत नाही, उंडा छान सरकतो आणि भाकरीचा किंचित वास लागतो). मधून बाहेरच्या दिशेनं बोटांनी दाबत जा, कडेला एक सेंटीमीटर पट्टी सोडून. भाकरी थापणाऱ्या हाताला हे लगेच येतं, फक्त त्या हाताला कडासुद्धा थापायची सवय असते, तेवढी मोडायची. मग उचलून दोन्ही मुठींच्या पाठीवर घेऊन सावकाश फिरवा, वजनानंच ताणला जातो. परत आक्रसत असेल तर भांडू नका, दहा मिनिटं झाकून ठेवा.

ओव्हन नसेल तर तव्यावर करा. खरं तर नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. जाड लोखंडी भाकरीचा तवा मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत उडून गेला पाहिजे. नॉनस्टिक वापरू नका. रिकामं इतकं तापवलं की त्याचा थर खराब होतो आणि धूर आरोग्याला चांगला नाही. वर काहीही न घालता नुसता बेस टाका. मिनिटभरात फुगे येतील, दीड-दोन मिनिटांत खाली भाकरीसारखे तपकिरी डाग पडतील. उलटा, गॅस अगदी बारीक करा. आता वर आलेल्या भाजलेल्या बाजूवर दोन चमचे सॉस, चीज, भाज्या, आणि झाकण. चार-पाच मिनिटांत चीज वितळतं. झाकणाला वाफेचं पाणी धरतं आणि ते पिझ्झ्यावर टपकतं; म्हणून झाकणाला आतून सुती फडकं लावून टोकं वर गाठ मारून बांधा, ज्योतीजवळ लोंबू देऊ नका. शेवटचं मिनिट झाकण काढा, तळ पुन्हा कुरकुरीत होतो. वरच्या चीजला तपकिरी ठिपके या पद्धतीत येत नाहीत. त्याला इलाज नाही, चवीत फारसा फरकही नाही.

ओटीजी (वर-खाली रॉड असलेला विजेचा छोटा ओव्हन) असेल तर तोच तवा कामाला लावा. बिनमुठीचा हवा. उलटा करून वरच्या तिसऱ्या भागातल्या जाळीवर ठेवा, दोन्ही रॉड चालू, २५० अंश, आणि ३०-४० मिनिटं तापू द्या. दिवा विझला म्हणजे तापला असं नाही. तेव्हा फक्त हवा तापलेली असते, लोखंड नाही. हा अर्धा तास टाळला की पिझ्झ्याचा तळ पांढरा राहतो, आणि घरच्या पिझ्झ्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथंच जन्मतात. उलट्या ताटावर ज्वारीचं पीठ किंवा रवा पसरा, त्यावर थापलेला बेस ठेवा आणि चटचट सॉस, टॉपिंग घाला. ताट हलवून बेस सरकतोय ना ते बघा, मग झटक्यात तव्यावर सोडा. आठ ते दहा मिनिटं. ओटीजी मोठ्या पॉवर पॉइंटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डाला नको. पेठेतल्या जुन्या घरांत वायरिंग पातळ असतं.

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तरच प्रयत्न करा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये रबर होतं.

कढईत मीठ पसरून, स्टँड ठेवून, झाकण लावून भाजण्याची पद्धतही चालते, पण वेळ १५ मिनिटांच्या वर जातो आणि बेस बिस्किटाकडं झुकतो. एकदा करून पाहिला, परत तव्याकडं आलो.

उतरवल्यावर लगेच ताटात ठेवू नका, खाली वाफ धरून तळ मऊ पडतो. दोन मिनिटं जाळीवर ठेवा, मग कापा. कटर नसेल तर मोठी सुरी वरून दाबून कापा, ओढू नका, नाहीतर चीज सगळं सुरीबरोबर येतं.

एखादा उंडा उरला तर तेल लावून डब्यात फ्रिजमध्ये; दुसऱ्या दिवशी जाडसर थापून, तव्यावर लसूण-तूप लावून भाजला की वरणाबरोबर सुरेख लागतो. उरलेला तुकडा गरम करायचा असेल तर मंद तव्यावर ठेवा, कडेला पाण्याचे चार थेंब टाका, झाकण दोन मिनिटं. शेंगाचटणी परत वरून.